आवरलेला हात

“माणूस आणि जनावर यांच्यात फरक एकच आहे,” मगदूम सर माईकवर म्हणाले. “जनावर निघालं की निघालं. माणूस मात्र निघता निघता थांबू शकतो. उचललेला हात आवरू शकतो. या थांबण्यालाच, मित्रहो, संस्कृती म्हणतात!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या कडकडाटाच्या आडोशाने सरांचा उजवा हात शेजारी बसलेल्या प्रमुख पाहुण्यांच्या बशीकडे गेला, तिथला पेढा उचलून त्याने सरांच्या तोंडात टाकला आणि परत जाऊन मूठभर वेफर्सही घेऊन आला. सरांच्या चेहऱ्यावर अपराधाचा लवलेश नव्हता. पेढा गिळून ते पुन्हा माईककडे वळले.

“आता हे आपले पाहुणे. आठवीत माझ्या हाताखाली होते. खो मिळायच्या आधीच उठायचे. दर सामन्याला फाउल. पुढं पक्ष बदलतानासुद्धा यांनी कधी खोची वाट बघितली नाही.”

सभागृहात अशी शांतता पसरली की मागच्या खोलीत चहाच्या कपबशा विसळणाऱ्या बाईने काय झालं म्हणून दारातून डोकावून पाहिलं.

ही गोष्ट इचलकरंजीतली, २०४१ सालच्या जानेवारीतली. व्यायाम मंडळाने बाळगोंडा मगदूम सरांचा सत्तरीनिमित्त सत्कार ठेवला होता. सर तेहतीस वर्षं शाळेत पीटी शिकवत होते, खो-खोचे नावाजलेले खेळाडू होते, पुढे प्रशिक्षक आणि पंच झाले. पण गावात त्यांचं नाव होतं ते वेगळ्याच गोष्टीसाठी. तेहतीस वर्षांत त्यांनी एकाही विद्यार्थ्यावर हात उगारला नव्हता. पीटीचे मास्तर असून! शिट्टी दातात, दोन्ही हात पाठीमागे, हीच त्यांची मूर्ती तीन पिढ्यांच्या डोळ्यांसमोर होती. अशा माणसाने भरसभेत दुसऱ्याच्या बशीतला पेढा खाल्ला, तर लोक काय म्हणणार? लोक म्हणाले, “वय झालं.”

तिसऱ्या रांगेत बसलेल्या राजमतीबाईंना मात्र नवऱ्याचं वय ठाऊक होतं. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात हा माणूस स्वतःच्या ताटातलाही दुसरा पेढा मागून घेत नसे. घरी जाताना सरांच्या डाव्या पायातली चप्पल वाटेत निसटली आणि ती निसटल्याचं त्यांना कळलंच नाही, तेव्हा बाईंनी रिक्षा घराकडे न नेता दवाखान्याकडे वळवायला लावली.

मेंदूच्या उजव्या बाजूला, कपाळामागे, मुगाएवढी गुठळी निघाली. डावा हात लुळा पडला होता. सर डावखुरे असल्यामुळे ते नुकसान मोठंच, पण डॉक्टर अर्पिता हुक्केरी म्हणाल्या की हात येईल, दोनेक महिने व्यायाम केला की येईल.

“हाताचं सोडा,” त्या म्हणाल्या, “ब्रेक गेलाय.”

अर्पिताबाई वयाने तिशीतल्या, बेळगावकडच्या, आणि समजावून सांगण्याची त्यांना मनापासून हौस होती. त्यांनी टेबलावरचा पेन उचलला.

“हे बघा, मी पेन उचलला. मला वाटतं, मनात आलं आणि उचलला. तसं नसतंय. मनात यायच्या आधीच मेंदूची तयारी सुरू झालेली असते. अर्धा सेकंद आधी, कधी एक सेकंद. मालकाला मागनं कळतं. मग हात हलायच्या अगदी अलीकडं एक फट असते, सेकंदाचा पाचवा भाग धरा. तेवढ्यात थांबवलं तर थांबलं. ती फट गेली की हात गेलाच. थांबवायचा हुकूम निघतो तो हितनं, उजव्या कपाळामागनं. तो आत खोल शेंगदाण्याएवढ्या एका गाठीला जातो, आणि ती गाठ सगळं जागच्या जागी आवळून धरते. सरांचा हुकूम देणारा साहेबच आजारी पडलाय. म्हणून बशीतला पेढा दिसला की हात निघतो, आणि निघाला की पोचतोच.”

“म्हणजे रोज आपण असं थांबवत असतो?” राजमतीबाईंनी विचारलं.

“दिवसातून हजारो वेळा. माणूस जे करतो, त्याच्यापेक्षा जास्त मेहनत न करण्यात जाते.”

बाईंनी नवऱ्याकडे एकवार निरखून पाहिलं. “यांची बरीच मेहनत झाली असणार मग,” त्या म्हणाल्या.

यावर इलाज होता. कंपनीने त्याचं नाव ‘निग्रह’ ठेवलं होतं. इचलकरंजीने त्याला पट्टा म्हणायला सुरुवात केली होती. कानामागून कपाळापर्यंत जाणारी बोटभर रुंदीची मऊ पट्टी, कानापाशी शर्टाच्या बटणाएवढा कॅमेरा. मेंदूत हालचालीची तयारी सुरू झाली की पट्ट्याला ती कळे. साहेबाचा हुकूम निघतोय पण पोचत नाहीये असं दिसलं, की पट्टा नाजूक विजेचा एक हलका धक्का देऊन तो पोचवी. हात जागच्या जागी राही. कानाशी ‘टिक’ असा बारीक आवाज होई, एवढंच.

“आणि तोंडाचं?” राजमतीबाईंनी विचारलं. सत्कारानंतर चिडलेल्या पाहुण्यांचा फोन त्यांनाच घ्यावा लागला होता.

“पट्टा फक्त हातापायांवर चालतो. जीभ फार गुंतागुंतीची आहे ओ बाई,” अर्पिताबाई म्हणाल्या. “पुढच्या आवृत्तीत येणार म्हणतात.”

पट्टा एक काम आणखी करत असे. तो नोंद ठेवी. कोणती कृती निघाली होती, कोणाच्या दिशेने, किती वेगाने, आणि ती थांबली का. दर सोमवारी सकाळी रुग्णाची काळजी घेणाऱ्या माणसाच्या फोनवर पत्रक येई. डॉक्टरांना ब्रेक किती सुधारला ते कळावं, इतकाच त्यामागचा हेतू. पण पुढच्या माणसाने काय काय केलं नाही हे छापील मिळतंय म्हटल्यावर ते न वाचणारं माणूस अजून जन्माला यायचं आहे.

खरं तर पट्टा आजाऱ्यांपुरता राहिलाच नव्हता. वर्षभरापूर्वी एका खासगी शाळेने शिक्षकांना तो सक्तीचा केला आणि न मारलेल्या चापट्यांबद्दल दोन मास्तरांना घरी बसवलं. स्थळांच्या माहितीपत्रकात उंची, शिक्षण, गोत्र यांच्या खाली ‘आवर-पत्रक : मागाल तेव्हा’ अशी ओळ आली. मुलीकडचे आता मुलगा काय करतो हे शेवटी विचारत; आधी विचारत, काय करता करता राहतो. एका नगरसेवकाने हौसेने महिनाभर पट्टा लावला, तर त्याचं पत्रक कोरं निघालं. त्याने महिनाभरात काहीही आवरलेलं नव्हतं. तो कोरा कागद त्याने चौकात मोठ्या फलकावर लावला, खाली ‘स्वच्छ चारित्र्य’ असं लिहून, आणि तो निवडून आला.

पहिले सहा सोमवार मगदूमांच्या घरात करमणुकीत गेले. राजमतीबाई शेंगा फोडत पत्रक मोठ्याने वाचत. “उजवा हात, लाडवाच्या डब्याकडे, सत्तावीस. उजवा हात, शेजारच्यांच्या वर्तमानपत्राकडे, चार. उजवा पाय, मांजराकडे, एक. अहो, मांजराला लाथ घालणार होता?”

“बाजूला सारणार होतो.”

“वेग लिहिलाय हितं.”

सर हसत. त्यांना पट्ट्याचा अभिमानच वाटायला लागला होता. जन्मभर जे पाठीमागे हात बांधून केलं, त्याची आता छापील पावती मिळत होती. भेटायला येणाऱ्याला ते पत्रक दाखवत आणि संस्कृतीबद्दलचं ते वाक्य पुन्हा म्हणून दाखवत.

मार्चमध्ये डावा हात परत आला. आधी बोटं, मग मनगट, आणि एका शुक्रवारी सरांनी डाव्या हाताने स्वतःच्या शर्टाची बटणं लावली. राजमतीबाईंनी शिरा केला. त्यानंतरच्या सोमवारी त्या शेंगांची परडी घेऊन बसल्या, फोन उघडला, आणि वाचता वाचता थांबल्या.

“काय गं? मांजर?”

बाईंनी फोन त्यांच्यापुढे धरला.

*डावा हात. तळवा उघडा. वेग : जास्त. दिशा : पत्नी. लक्ष्य : पाठ. प्रकार : आघात. रोखले : ६१.*

सरांनी ते तीनदा वाचलं. “यंत्र बिघडलंय,” ते म्हणाले.

“लाडवाचं बरोबर सांगत होतं.”

“राजू, मी तुझ्यावर कधी हात उचललाय का?”

“उचलला नाही,” बाई म्हणाल्या. “ते तर हितं लिहिलंच आहे. रोखले, एकसष्ट.”

माणसाने केलेल्या गोष्टीचा इन्कार करता येतो, कारण त्याला साक्षीदार लागतो, आणि साक्षीदार फोडता येतो. न केलेल्या गोष्टीचा इन्कार कसा करायचा? सर म्हणाले, मी हे केलं नाही. पत्रकही तेच म्हणत होतं.

त्या दिवसापासून घरात एक आवाज राहायला आला. आधी तो होताच, पण तेव्हा त्याचा अर्थ लाडू होता. आता राजमतीबाई ओट्याशी उभ्या असत, मागे दिवाणखान्यात खुर्चीवर सर असत, आणि मध्येच, टिक. बाईंचे खांदे आकसत. सरांना ते दिसे. आपला हात मांडीवर स्वस्थ पडलेलाही दिसे. मग टिक कसलं झालं, हे त्यांनाच कळत नसे. आपल्या आत कोणीतरी आपल्याला न विचारता बायकोच्या पाठीवर हात उगारतो आहे आणि भाड्याचा एक पट्टा त्याला धरून ठेवतो आहे, या विचाराने सत्तराव्या वर्षी त्यांची भूक गेली.

त्यांनी उपाय करून पाहिले. डावा हात मांडीखाली दाबून बसले. खुर्ची खिडकीकडे फिरवली. ‘हात उचलायचा नाही, हात उचलायचा नाही’ असं मनाशी घोकत राहिले. पुढच्या सोमवारी आकडा एकशे चार आला. मेंदूचं गणित असं विचित्र आहे की जे करायचं नाही ते काय, हे ध्यानात ठेवण्यासाठी तो त्याची थोडी तयारी करूनच ठेवतो. सरांना हे कोणी सांगितलं नव्हतं. त्यांना एवढंच दिसलं की आपण जितकं चांगलं वागायचं ठरवतो तितके वाईट ठरतो.

 राजमतीबाईंनी भाजी निवडायचं स्टूल हलवलं. ते आता भिंतीला टेकून होतं. बाई पाठ भिंतीला लावून बसायला लागल्या.

हुबळीहून मुलीचा फोन आला. ऋजुता लाडकी, बापाला अरेतुरे करणारी. आज म्हणाली, “बाबा, खरं सांगा. मी लहान असताना, मी झोपल्यावर, कधी आईला...?”

“तू मला ‘सांगा’ म्हणायला कधीपासून लागलीस?”

 “आईला फोन दे,” ऋजुता म्हणाली.

आईने फोन स्वयंपाकघरात नेला. बोलणं फार झालं नाही. पण संध्याकाळी माळ्यावरची निळी बॅग खाली आली, झटकून उन्हं खायला गच्चीवर गेली, आणि जयसिंगपूरच्या मावशीला, म्हणजे राजमतीबाईंच्या बहिणीला, कळवलं गेलं की गुरुवारी येते.

“किती दिवस?” सरांनी विचारलं.

“बघू.”

चव्वेचाळीस वर्षांत त्या माहेरी गेल्या तरी परतीचा दिवस ठरवून जात. सरांनी अर्पिताबाईंना फोन केला आणि ओरडून सांगितलं की गुरुवारच्या आत घरी या, माझं घर मोडायला लागलंय तुमच्या यंत्रानं.

अर्पिताबाई गुरुवारी सकाळीच आल्या. राजमतीबाईंनी जायची साडी नेसली होती. तरी दारात माणूस आलं म्हणून त्यांनी चहासाठी दूध बारीक गॅसवर ठेवलं आणि बाहेर येऊन उभ्या राहिल्या. निळी बॅग दारापाशी होती.

“सर, एक समजून घ्या,” अर्पिताबाई म्हणाल्या. “पट्ट्याला हेतू कळत नाही. त्याला हालचाल कळते. उघडा तळवा जोरात माणसाकडं निघाला, की तो त्याला आघात म्हणतो. हजारो लोकांच्या नोंदींवरून शिकलाय तो. त्या लोकांत उघडा तळवा जोरात निघाला की बहुतेक वेळा तेच असतंय.”

“मग माझा हेतू काय होता?”

“ते तुम्हाला माहीत.”

“मला माहीत असतं तर तुम्हाला कशाला बोलावलं असतं?”

अर्पिताबाईंनी विचार केला. “एक करून बघू. मी रोखणं बंद करते. जी काय हालचाल असेल ती पुरी होऊ दे. बाई, तुम्ही समोर उभ्या राहाल? पाठ सरांकडं करून?”

 राजमतीबाईंनी पदर खोचला आणि नवऱ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. त्यांच्या मानेवरचे पांढरे केस घामाने चिकटले होते. सरांना वाटलं, आपण आता उठून बाहेर जावं. पण ते खुर्चीत बसले होते, आणि काहीच झालं नाही. हात मांडीवर होता तसाच. मिनिट गेलं. दोन मिनिटं गेली.

तेवढ्यात दारावरची बेल वाजली. कोणीतरी कुरिअरवाला होता, पाकीट दारात टाकून जिना उतरणारा.

सरांचा डावा हात सुटला. खांद्यातून, सरळ, तळवा उघडा, बोटं जुळलेली. खुर्चीतून ते अर्धवट पुढे झुकले होते, आणि तळवा राजमतीबाईंच्या पाठीवर बरोबर दोन खांद्यांच्या मध्ये पडला. जोरात नाही. स्वच्छ, चपळ आणि नेमका.

आणि तत्क्षणी सहासष्ट वर्षांच्या राजमतीबाई निघाल्या. विचार न करता, दोन पावलं, दाराच्या दिशेने, कमरेतून वाकलेल्या, जणू कोणी चाप ओढला. दाराच्या कडीला हात लागल्यावर त्या थांबल्या आणि सावकाश वळल्या. त्यांचा चेहरा पाहण्यासारखा होता.

“खो,” त्या म्हणाल्या.

राजमतीबाई लग्नाआधी जिल्ह्याच्या संघात होत्या, हे गावात आता फारसं कोणाला आठवत नव्हतं. उकिडवं बसायचं, पाठ मागे, कान मागे. मागून पाठीवर थाप पडली आणि ‘खो’ ऐकू आला की उठायचं आणि पळायचं, आणि थाप देणाऱ्याने उठलेल्याच्या जागेवर बसायचं. बाळगोंडा मगदूमने याच खेळात त्यांना पाहिलं होतं. त्याचा डाव्या हाताचा खो जिल्ह्यात प्रसिद्ध होता.

“खो!” सर ओरडले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. “खो आहे तो! मी खो देत होतो! बघितलंत का डॉक्टर? आघात म्हणे! लिहून द्या मला, कंपनीच्या कागदावर लिहून द्या. राजू, मी तुला मारत नव्हतो गं, मी तुला खो देत होतो! ऋजुताला फोन लाव!”

अर्पिताबाईही हसल्या. त्यांच्या डोक्यावरचं ओझं उतरलं होतं. “पंचवीस वर्षं रोज सराव केलेली हालचाल आहे. थाप आणि शब्द एकत्र शिकलेले. मेंदूत ती इतकी घट्ट बसते की बोलावणं आलं की आपोआप तयारी होते. इतकी वर्षं सरांनी स्वतःच आवरलं असणार. आता ब्रेक ढिला म्हणून दिसलं. गोड आहे खरं तर.”

“बोलावणं आलं की,” राजमतीबाई म्हणाल्या. “म्हणजे कशाचं?”

“म्हणजे... काहीतरी निमित्त लागतं. आता बेल वाजली तसं.”

“तुमच्याकडं वेळा असतील ना. एकसष्ट आणि एकशे चार. वाचा की.”

अर्पिताबाईंनी फोन उघडला. कॅमेऱ्याच्या नोंदीत त्या क्षणाचा आवाजही असे. त्या वाचायला लागल्या, आणि वाचता वाचता त्यांचा सूर उतरत गेला.

“सोमवार, सात दहा, दाराची बेल. सात चाळीस, कुकरची शिट्टी. आठ वाजता... नळाला पाणी आलं. नऊ वीस, फोन. साडेनऊ, बेल. अकरा, सरांचा चष्मा खाली पडला. साडेअकरा, कुकर.” त्या थांबल्या. “सगळं असंच आहे.”

“आणि त्या वेळी हे कुठं?”

“खुर्चीत.”

राजमतीबाईंनी मान हलवली. त्यांना राग आलेला दिसत नव्हता. खूप दिवस हरवलेली किल्ली स्वतःच्याच कमरेला सापडावी तसं काहीतरी दिसत होतं.

“पट्ट्यानं उगीच घाबरवलं मला,” त्या म्हणाल्या. “यांच्या आई नऊ वर्षं अंथरुणाला होत्या. त्यांनी हाक मारली की हे म्हणायचे, अगं, आई हाक मारतेय. ऋजुता रडली की, अगं, ती उठली. बेल वाजली की, अगं, बेल. मला वाटायचं, यांना ऐकू लवकर येतं.” त्या नवऱ्याकडे वळल्या. “अहो, नुसता शब्द देत होता तुम्ही. थाप नाही. स्पर्श झाल्याशिवाय खो होत नाही, तुम्हीच शिकवायचा ना पोरांना? चव्वेचाळीस वर्षांचे सगळे फाउल आहेत हे.”

“राजू, पण मारणं आणि हे...”

“मारायला उठला असता,” बाई म्हणाल्या, “तर एकदा तरी उठला असता.”

अर्पिताबाई पर्स उचलून उभ्या राहिल्या. जाता जाता काहीतरी बोलायला हवं म्हणून त्या म्हणाल्या, “बाई, तुम्हीपण एक आठवडा पट्टा लावून बघा पाहिजे तर. दोघांची पत्रकं जुळवून बघता येतात. समुपदेशक असतात आमच्याकडं.”

“माझं पत्रक वाचायला तुम्हाला रजा काढावी लागेल,” राजमतीबाई म्हणाल्या.

अर्पिताबाई चहा न घेता गेल्या. रोखणं पुन्हा सुरू करून गेल्या. ते त्यांचं काम होतं.

राजमतीबाईंनी बॅग उचलली. बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांची एक जोडी होती, पिवळी पडलेली. सरांनी ती ओळखली. ती अजून घरात आहे हे त्यांना माहीत नव्हतं.

“थांब,” ते म्हणाले.

मग त्यांनी एक गोष्ट केली, जी त्यांनी गेल्या वीस वर्षांत केली नव्हती. खुर्चीतून उठले. कोणी न सांगता, बेल न वाजता. सोफा आणि टीव्हीच्या मध्ये आले आणि भिंतीचा आधार घेत खाली उकिडवे बसले. गुडघे वाजले. दोन्ही तळवे जमिनीवर टेकले, टाचा उचलल्या, बायकोकडे पाठ केली.

“दे,” ते म्हणाले.  “मला खो दे. आजपासून मी पळणार. बेल मी उघडणार, कुकर मी बघणार, पाणी मी भरणार. तू बसायचं. मी चूक केली, राजू. तेहतीस वर्षं पोरांना थांबायला शिकवलं, आणि स्वतः थांबूनच राहिलो. पण माणूस शिकतो. कधीही शिकतो. तोच तर माणसात आणि जनावरात फरक आहे. दे खो.”

बोलताना ते मनापासून बोलत होते. पाठ समोर धरली होती, मान खाली घातली होती, आणि सत्तर वर्षांचा तो म्हातारा बाप्या खरोखरच थापेची वाट बघत होता.

राजमतीबाईंच्या हातातली बॅग खाली टेकली. त्या एक पाऊल पुढे आल्या. त्यांचा उजवा हात उचलला गेला, बोटं जुळली, तळवा उघडला, आणि शर्टाच्या पाठीपासून चार बोटांवर तो थांबला. त्यांच्या कानामागे पट्टा नव्हता, त्यामुळे आवाज झाला नाही. सेकंदाच्या पाचव्या भागात जे काय ठरायचं ते ठरलं. हात मागे गेला आणि बॅगेच्या बंदावर बसला.

“राजू?”

“उठा आता,” त्या म्हणाल्या. “गुडघे धरतील.”

“जाऊ नको गं.”

“दिशा घेतलीय,” त्या म्हणाल्या. खो-खोत एकदा दिशा घेतली की खांबाला पोचेपर्यंत मागे फिरता येत नाही. नियम दोघांनाही पाठ होता.

दार उघडलं. जिन्यात उन्हाचा पट्टा पडला होता. सर तसेच उकिडवे, वळून तिच्याकडे बघत होते. उठायचं होतं, पण गुडघे खरंच धरले होते. काहीतरी म्हणायला हवं, काहीतरी असं, की जे ऐकून ती थांबेल. चव्वेचाळीस वर्षांत जे म्हणायचं राहिलं ते सगळं एका वाक्यात म्हणायला हवं. ते वाक्य खरोखर जुळत आलं होतं.

आत स्वयंपाकघरात विसरलेल्या दुधाने पातेल्याच्या काठाशी फसफस केली.

टिक.

हात जमिनीवरच राहिला. जिभेचं काम अजून पुढच्या आवृत्तीत होतं.

“अगं,” सर म्हणाले, “जाता जाता तेवढं दूध बघ.”